अंकोर, ३ दिवस: गाइड कसा पारखावा? मदत हवी आहे

कंबोडियातलं अंकोर, म्हणजे जुन्या मंदिरांचा मोठा परिसर, बघायचं आहे. ३ दिवसांचा पास १० दिवसांत कधीही वापरता येतो, म्हणून मध्ये एक दिवस मोकळा ठेवलाय. त्यातलं अंकोर वाट मंदिर पश्चिमाभिमुख, त्यामुळे दर्शनी भागावर ऊन दुपारनंतर पडतं. पूर्वेच्या ओवरीतलं समुद्रमंथनाचं शिल्प मात्र सकाळीच बघावं ना? ९६७ सालचं बांते स्राय मंदिर लांब आहे, त्याला अर्धा दिवस.

खरा प्रश्न गाइडचा. अंकोरजवळच्या सिएम रीप शहरात परवानाधारक मिळतात, पण राजांची वंशावळ नकोय (ती कुठेही वाचता येते). जांभा कुठे, वालुकाश्म कुठे, खऱ्या कमानीऐवजी दगड पुढे सरकवत रचलेली छतं का ढासळतात, हे दाखवणारा हवा. बुकिंगआधी त्याला काय विचारावं? आणि तिन्ही दिवस घ्यावा, की अंकोर वाट आणि बायॉन या दोन मंदिरांपुरताच?