व्हेस्टचं माप बाटल्या भरूनच बघा
पळताना पाणी सोबत नेण्यासाठी घालायची व्हेस्ट (छातीवर बाटल्यांचे खिसे असलेलं बिनबाह्यांचं जाकीट) काखेत घासून सोलवटतं, म्हणून एक साइज मोठी घ्यावी का, असं एकाने विचारलंय. अजिबात नको. सैल व्हेस्ट पावलागणिक उडते आणि जास्तच घासते. पळताना घालता तोच टी-शर्ट घालून काखेखालून छातीचा घेर मोजा आणि त्या कंपनीच्या तक्त्याशी ताडून बघा. खिशांतल्या ५०० मिलीच्या दोन्ही मऊ बाटल्या भरूनच घालून बघा, रिकामी व्हेस्ट सगळ्यांनाच बसते! आधी बाजूचे पट्टे आवळा, मग छातीचे. पूर्ण श्वास घेता आला पाहिजे. पाणी संपेल तशी ती सैल पडते, म्हणून पट्टे पळतापळता ओढता येतील असेच हवेत.

मऊ बाटली भरल्यावर दाबून आतली हवा काढा आणि मगच झाकण लावा, नाहीतर पाणी डचमळत राहतं.

गोव्याच्या दमट हवेत घाम सुकत नाही, भिजलेल्या जाळीत मीठ साठतं आणि तेच कातडी सोलतं. काखेत, गळ्याच्या हाडावर व्हॅसलीन लावा. घरी आल्याबरोबर व्हेस्ट साध्या पाण्यात खळबळून सावलीत वाळवा. व्हेस्टच्या पाठीत पाण्याची पिशवी आणि प्यायची नळी असेल, तर पावसाळ्यात त्यांना बुरशी फार लवकर धरते. दोन्ही धुऊन, निथळून सरळ फ्रीझरमध्ये ठेवा.

मिरामार ते दोनापावला एवढंच पळत असाल तर हातातली बाटली पुरे. चोर्ला घाटासाठी मात्र व्हेस्ट हवीच.