प्रतिसाद: मॅकबर्नी बिंदू पाठ केला की अपेंडिक्स सापडतं?

नाभी आणि कमरेच्या हाडाचं पुढचं टोक जोडणाऱ्या रेषेवर बाहेरून एक तृतीयांश अंतरावरचा (उजवीकडचा) बिंदू म्हणजे मॅकबर्नी बिंदू, तिथे बोट ठेवलं की अपेंडिक्स, असं मूळ पोस्टमध्ये लिहिलंय. अर्धंच बरोबर. तो बिंदू साधारण अपेंडिक्सच्या बुडाचा. शेपूट कुठेही वळलेलं असतं, बहुतेकदा सीकमच्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीच्या, मागे. मिरजेला मेडिकलला असताना डिसेक्शनच्या (शवविच्छेदनाच्या) वेळी आमच्या टेबलावरच्या देहात ते दिसेचना. अर्धा तास आम्ही लहान आतडं उलटंपालटं करत बसलो. शेवटी सर म्हणाले, "अरे, टीनिया धर की!" टीनिया म्हणजे मोठ्या आतड्यावरच्या स्नायूंच्या तीन लांब पट्ट्या; त्या तिन्ही अपेंडिक्सच्या बुडाशीच एकत्र येतात. वारणेचा काठ धरून चाललं की हरिपूरच्या संगमावर पोचतोच, तसं. समोरची पट्टी धरून खाली आलो आणि सीकम उचलल्यावर मागे लपलेलं सापडलं.

आणि असं मागे लपलेलं सुजलं, तर पोट दाबून फारसं दुखत नाही, मधे वायूने फुगलेलं सीकम येतं ना! अशा वेळी पेशंटला डाव्या कुशीवर झोपवून उजवा पाय मांडीतून मागे ताणून बघा. सोअस, म्हणजे अपेंडिक्सच्या मागचा कण्यापासून मांडीपर्यंत जाणारा स्नायू, ताणला की कळ येते. व्हायवात (तोंडी परीक्षेत) हे हमखास विचारतात, निदान आम्हाला तरी विचारलं होतं.