मुलीला व्हेट व्हायचंय: इंग्लंडात सिक्स्थ फॉर्ममधून अर्ज, अनुभव कुठे मिळेल?

लेस्टरची आई

नमस्कार मंडळी. लेक इयर ट्वेल्व्हला (सिक्स्थ फॉर्मचं पहिलं वर्ष, आपली अकरावी) आहे, ए-लेव्हलला बायोलॉजी, केमिस्ट्री आणि मॅथ्स. तिला व्हेट, म्हणजे जनावरांची डॉक्टर, व्हायचंय. २०२२ च्या दिवाळीत आम्ही सांगोल्याजवळ माझ्या माहेरी गेलो, तेव्हा गोठ्यात लंपी हा गुरांचा त्वचेचा आजार शिरला होता. आप्पांच्या खिलार खोंडाच्या अंगभर गाठी आणि पुढचा पाय सुजून खांबासारखा झालेला. ही तेरा वर्षांची पोर रोज पहाटे उठून त्याने किती पाणी प्यायलं ते वहीत लिहायची. खोंड वाचला. वही अजून तिच्या टेबलावर आहे.

आता अडचण अशी की जवळच्या पाच दवाखान्यांना फोन केले, सगळ्यांनी अठरा वर्षांखालील मुलं घेत नाही म्हणून सांगितलं. अनुभवाशिवाय अर्ज करण्यात अर्थ नाही असं ऐकते. शिवाय आम्ही शाकाहारी, आणि या शिक्षणात कत्तलखान्यात जावं लागतं म्हणतात, ते खरं का? आमच्या घरात, ओळखीत कुणीही या वाटेने गेलेलं नाही. जे माहीत असेल ते सांगा.

परळवाला डॉक्टर

ताई, मी मुंबईच्या परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा. इथे येऊन आरसीव्हीएसची (इथल्या व्हेटांची नोंदणी करणारी संस्था) परीक्षा दिली आणि आता श्रॉपशरमध्ये गाई-मेंढ्यांचं काम करतो. दर वर्षी सिक्स्थ फॉर्मची दोन-तीन मुलं माझ्या गाडीत बसून फिरतात.

दवाखान्यांनी नाही म्हटलं म्हणून खचू नका. विम्याचा प्रश्न असतो, तुमच्या मुलीत काही खोट नाही. दवाखाना हा अनुभवाचा एक भाग झाला. गाईंचा गोठा, घोड्यांचा तबेला, कुत्र्यांचं केनेल, मांजरांचा निवारा, शहरातलं सिटी फार्म, हे सगळं धरतात. काही कॉलेजं दवाखान्यातले आणि बाहेरचे तास वेगवेगळे मोजतात, म्हणून प्रत्येकाच्या संकेतस्थळावरची अट आजच वाचून घ्या. आणि फोनपेक्षा तिला स्वतः जाऊ द्या, हातात एक पानी पत्र देऊन. आईच्या फोनला नाही म्हणणं सोपं असतं, समोर उभ्या पोरीला तितकं नसतं.

सगळ्यात आधी मेंढ्या. आत्ता लॅम्बिंगचा, म्हणजे मेंढ्या विण्याचा, हंगाम आहे, ईस्टरच्या सुट्टीत शेतकऱ्यांना माणसं कमी पडतात. रात्रपाळीला तयार असेल तर नक्की घेतील. (घरात कुणी गरोदर असेल तर मात्र तिला मेंढ्या वितात तिथून लांब ठेवा, आणि मुलीचे तिथले कपडेही वेगळे धुवा. टोक्सोप्लाझ्मासारख्या आजारांचा धोका खरा आहे.)

तिथे गेल्यावर काय बघायचं ते सांगतो. कोकरू पडलं की शेतकरी त्याची नाळ आयोडीनमध्ये बुडवतो आणि पोटात चीक गेला की नाही ते बघतो. मुलं घरी जाऊन ‘मी नाळेला आयोडीन लावलं’ एवढंच लिहितात. का लावलं, ते विचारायला हवं. ओल्या नाळेतून जंतू आत शिरतात आणि काही दिवसांत कोकराचे सांधे सुजतात. आणि चीक एवढा जिवावरचा का? मेंढीच्या गर्भाशयातून कोकराला प्रतिपिंडं मिळतच नाहीत, सगळी चिकातूनच घ्यावी लागतात, आणि साधारण चोवीस तासांत आतड्याचं ते दार बंद होतं. तुमच्या आप्पांना हे पुस्तकाविना ठाऊक असेल, वासराला आधी चीक, मग बाकीचं. त्यांच्याशी फोनवर बोलायला लावा तिला. मुलाखतीत अशा गोष्टीने परीक्षक पुढे सरकून ऐकतात.

कत्तलखान्याचं खरं आहे. मांसाची तपासणी हा अभ्यासक्रमाचा भाग आहे आणि तिथे जावं लागतं. शाकाहारी मुलं ही पदवी घेतात, माझ्या ओळखीत आहेत. पण जनावराला शेवटच्या क्षणी वेदना होऊ नयेत हे बघणारा माणूस तिथे लागतो, आणि तो व्हेट असतो. हे तिला आधी कळू द्या, चौथ्या वर्षी नको. तसंच एखाद्या म्हाताऱ्या कुत्र्याला शेवटचं इंजेक्शन देताना ती एकदा तरी खोलीत असावी. मालकिणीचा हात कुत्र्याच्या कानावर फिरत असतो, आणि श्वास थांबल्यावरही फिरत राहतो. त्या वेळी काय बोलायचं आणि कधी गप्प बसायचं, हे शिकायला वर्षं लागतात.

सटन बॉनिंग्टनची विद्यार्थिनी

काकू, मी नॉटिंगहॅमला दुसऱ्या वर्षाला आहे. आमचा कॅम्पस तुमच्यापासून फार लांब नाही, ओपन डेला नक्की या.

तारीख डोक्यात पक्की ठेवा: यूकॅसला (सगळ्या विद्यापीठांचे अर्ज जिथून जातात ती संस्था) व्हेटसाठी १५ ऑक्टोबर, संध्याकाळी ६. बाकी बहुतेक कोर्सांसारखा जानेवारी नाही. म्हणजे इयर थर्टीन सुरू झाल्यावर जेमतेम सहा आठवडे. रेफरन्स (शिफारसपत्र) लिहिणाऱ्या शिक्षकांना जूनमध्येच सांगून ठेवा. पाच पर्यायांपैकी चारच व्हेटचे भरता येतात, पाचवा दुसऱ्या विषयाचा, मी बायोसायन्स टाकलं होतं. डॉक्टरकीसारखी यूकॅट ही प्रवेश परीक्षा इथे लागत नाही. केंब्रिज भरणार असेल तर ईसॅट ही वेगळी परीक्षा द्यावी लागते आणि तिची नोंदणी सप्टेंबरातच बंद होते, ते विसरू नका. केंब्रिजचा कोर्स सहा वर्षांचा आहे, बहुतेक ठिकाणी पाच.

अर्जात स्वतःबद्दल लिहायचं ते पर्सनल स्टेटमेंट आता एकसंध निबंध नसतं, तीन प्रश्नांची उत्तरं असतात, मिळून ४००० अक्षरं, मोकळ्या जागा धरून. खोंडाची गोष्ट लिहायची, पण तीन ओळींत. ‘लहानपणापासून प्राणी आवडतात’ हे वाक्य घालू नका.

मुलाखती बऱ्याच ठिकाणी छोट्या छोट्या टेबलांच्या असतात, एकेका टेबलावर काही मिनिटं. मला विचारलं होतं, चपट्या तोंडाचा, त्यामुळे श्वासाचा त्रास होणारा फ्रेंच बुलडॉग घ्यायचाय म्हणून आलेल्या बाईंना काय सांगाल? बाईंना न दुखावता खरं बोलणं, हे बघतात. बातम्याही वाचत राहायला सांगा. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंटमध्ये ब्लूटंग हा गाई-मेंढ्यांचा आजार सापडला, तो डासासारख्या बारीक माशीने पसरतो. लंपीही चावणाऱ्या किड्यांमुळे पसरतो. तिने दोन्हींची तुलना केली तर तिचं स्वतःचं काहीतरी सांगणं होईल.

रेडिंगचा बाबा

एक गोष्ट कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. तुमचा व्हिसा कोणता? आयएलआर (इथे कायम राहण्याचा परवाना) किंवा नागरिकत्व नसेल तर मुलगी इथे वाढलेली असूनही आंतरराष्ट्रीय फी लागू शकते, घरच्या फीच्या तिप्पट-चौपट, आणि स्टुडंट लोनही नाही. इंग्लंडात साधारणपणे कोर्सच्या पहिल्या शैक्षणिक वर्षाच्या पहिल्या दिवशी, म्हणजे १ सप्टेंबरला, कायम वास्तव्याचा हक्क हातात असावा लागतो आणि त्याआधीची तीन वर्षं इथे राहिलेली असावी लागतात. आमचं काम थोडक्यात वाचलं, अर्ज चार महिने आधी केला म्हणून.

आणि चारही ठिकाणांहून नकार आला तरी तिला सावरून घ्या. माझ्या मुलाला पहिल्या वर्षी चारही नकार आले. तो वर्षभर एका डेअरीवर पहाटे चारला दूध काढायला गेला. पुढच्या वर्षी पुन्हा भरलं आणि दोन ऑफर आल्या. त्या वर्षात तो आमच्याशी जेवढं बोलला, तेवढं आधीच्या पाच वर्षांत बोलला नव्हता.

लेस्टरची आई

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. आयएलआरचं माझ्या डोक्यातच नव्हतं, आमचा अर्ज पुढच्या वर्षी जूनमध्ये करता येईल. म्हणजे वेळ अगदी काठावर, उद्याच वकिलाशी बोलते. लेकीने हे सगळं वाचलं. मेल्टन मोब्रेच्या बाजूला एका मेंढपाळाकडे आज ती स्वतः पत्र घेऊन गेली होती. त्यांनी शनिवारी रात्री दहाला बोलावलंय. आत्ता आप्पांशी फोन चालू आहे, चिकाबद्दल विचारतेय.