हवा उतरलेली जुनी लक्झरी एसयूव्ही: स्प्रिंगा टाकायच्या की एअर सस्पेन्शनच दुरुस्त करायचं?

होटगी_रोडकर
सोलापुरात हल्ली जुन्या ऑडी क्यू-सेव्हन, मर्सिडीज जीएल, लँड रोव्हर डिस्कव्हरी बऱ्याच दिसायला लागल्यात. दहा-बारा वर्षं वापरलेली गाडी नव्या क्रेटाच्या पैशात मिळते म्हटल्यावर मोह होणारच. या गाड्या बऱ्याचदा स्प्रिंगांऐवजी हवा भरलेल्या रबरी फुग्यांवर तोललेल्या असतात, तेच एअर सस्पेन्शन. पुढची तक्रारही ठरलेली: रात्री उभी केलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यात बसलेली. लगेच सात रस्त्यापासून जुळे सोलापूरपर्यंत एकच सल्ला, "एअर काढा, स्प्रिंगा टाका."

मला हे पटत नाही. आधी बिघाड कसा होतो ते बघा. रबरी फुगा जिथे दुमडतो तिथे वयानं आणि उन्हानं बारीक चिरा पडतात, आणि आपल्याकडचा मे महिना तर माहीतच आहे. हवा झिरपू लागली की ती भरून काढायला कॉम्प्रेसर सारखा चालू होतो. तो छोटा, इलेक्ट्रिक, थोडा वेळ चालून थांबायसाठी बनवलेला. तो तापतो, आतली रिंग झिजते. हवा कोरडी करणाऱ्या ड्रायरमधले दाणे ओलावा शोषून निकामी होतात आणि पाणी फुग्यांना हवा वाटणाऱ्या व्हॉल्व्ह ब्लॉकपर्यंत पोचतं. मग मालक सांगतो, "सगळी सिस्टीमच गेली!" गेला होता एक फुगा. तो बदलायचा सोडून सहा महिने तशीच पळवली, त्याचं हे बिल.

मंगळवेढेकर
शहरात बसून बोलणं सोपं आहे मालक. आमच्याकडं उसाचा हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टर-ट्रॉल्या रस्त्याची काय अवस्था करतात ते बघायला या. तिथं गाडी खाली बसली तर चाक आतल्या प्लॅस्टिकला घासतं, हलवताही येत नाही. टोइंगवर चढवताना बंपर जातो, आणि वर पुण्याची अडीचशे किलोमीटरची वारी. स्प्रिंग तुटली तरी गावातला मिस्त्री संध्याकाळपर्यंत गाडी रस्त्यावर आणतो.

आणि हे काय आपलंच देशी डोकं नाही. रेंज रोव्हरला एअर सस्पेन्शन आलं १९९२ साली. त्या जुन्या गाड्यांना स्प्रिंगा बसवायची किटं खुद्द इंग्लंडात राजरोस विकली जातात. ज्यांनी गाडी बनवली त्यांच्याच देशातले लोक कंटाळले, आणि आपण कशाला कवटाळून बसायचं?

ट्रॅव्हल्सवाला_सोलापूर
दोघंही उगाच घाबरवताय. आमच्या हैदराबाद लाइनच्या बसला फुगेच आहेत. फुटला की नवा टाकतो, गाडी संध्याकाळच्या फेरीला हजर. एवढा बाऊ कशाला?

होटगी_रोडकर
ट्रॅव्हल्सवाले, बसचं गणित वेगळं. तिथं कॉम्प्रेसर इंजिनावर चालतो, ब्रेकसाठी हवेच्या टाक्या भरलेल्या असतातच. बारीक गळती असली तरी चालत्या बसला जाणवत नाही. फुगा वेगळा, शॉक वेगळा. लक्झरी गाडीत पुढचा फुगा बहुधा शॉकच्या अंगावरच चढवलेला असतो, त्यामुळे बऱ्याचदा अख्खा स्ट्रट, म्हणजे फुगा-शॉकची जोडी, बदलावा लागतो. शिवाय प्रत्येक चाकाला उंची मोजणारा सेन्सर. काही गाड्यांत हेडलाइटची पातळीही त्याच सेन्सरवरून ठरते.

आणि मंगळवेढेकर, म्हणूनच स्प्रिंगा टाकल्या की काम संपत नाही. डॅशबोर्डवर पिवळा दिवा कायमचा. तो घालवायला सस्पेन्शन चालवणाऱ्या मॉड्यूलचं, म्हणजे गाडीतल्या छोट्या संगणकाचं, कोडिंग, आणि ते तुमच्या गावातला मिस्त्री करणार आहे का?

मंगळवेढेकर
दिव्यावर काळी टेप लावू! 😄

चेष्टा सोडा. जर्मनांनीच मधला मार्ग काढलेला आहे. बीएमडब्ल्यूच्या जुन्या ई-सत्तर एक्स-फाइव्हमध्ये ज्या गाड्यांना हवेचे फुगे आहेत त्यांना ते फक्त मागे, पुढं साधी स्प्रिंग. म्हणजे स्प्रिंगवर आराम मिळतच नाही असं थोडंच आहे?

वकीलसाहेब_४१३००१
टेपचं ठीक आहे, पण मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ वाचा. कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, हे सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्येही स्पष्ट केलंय. अपघात झाला तर विमा कंपनी फाटे फोडायला टपलेलीच असते.

मंगळवेढेकर
आरटीओ गाडीखाली झोपून स्प्रिंगा मोजतो हे आजच कळलं. आणि झिजलेल्या फुग्याचे पैसे तरी विमा कुठं देतो?

नवीन_सभासद_अक्कलकोट
मी रविवारी एक २०१२ ची जीएल बघायला जाणार आहे. तुमच्या भांडणातून माझ्या कामाचं काहीतरी सांगा.

होटगी_रोडकर
आदल्या संध्याकाळी जा. चारही चाकांच्या कमानीची जमिनीपासूनची उंची टेपनं मोजा, गाडी तिथंच राहू द्या आणि सकाळी कुणी चालू करायच्या आत पुन्हा मोजा. एकच कोपरा उतरला तर संशय फुग्यावर किंवा त्याच्या नळीवर. जोडांवर साबणाचं पाणी मारा, बुडबुडे दिसतात. गाडी रात्रभर टिकली पण उंच करताना वर यायला फार वेळ लागला, तर कॉम्प्रेसर थकलाय. गाडीत जॅक मोड असेल तर जॅक लावण्याआधी तो चालू करा, नाहीतर गाडी स्वतःची उंची जुळवायला जाते.

नवीन_सभासद_अक्कलकोट
मालक गाडी रात्री मोजायला देईल का पण?

मंगळवेढेकर
नाही म्हणाला तर सरळ क्रेटाच्या शोरूमला जा. आणि घेतलीच, तर स्प्रिंगांचे पैसे बाजूला काढून ठेव.

होटगी_रोडकर
फुग्यांचे.