द्राक्षाच्या अर्काच्या गोळ्यांनी कर्करोग टळतो का?

निफाडकर:
माझ्या बहिणीचे स्तनाच्या कर्करोगावरील उपचार मागच्या वर्षी पूर्ण झाले. तेव्हापासून आईने धास्ती घेतली आहे. द्राक्षाच्या सालीतील रेस्व्हेराट्रॉल या द्रव्यामुळे कर्करोग होत नाही, असे सांगून एका विक्रेत्याने तिला गोळ्यांची बाटली दिली आणि ती रोज दोन गोळ्या घेते. आमची स्वतःची द्राक्षबाग असताना या गोळ्यांची खरेच गरज आहे का?

गंगापूर रोड:
नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. रेस्व्हेराट्रॉलचा बोलबाला १९९७ साली उंदरांवरील प्रयोगांमुळे झाला. परंतु माणसाने ते पोटात घेतले की आतडे आणि यकृत त्याचे रूप झपाट्याने पालटतात व रक्तात मूळ द्रव्य फारच थोडे उरते. गाजराला नारिंगी रंग देणाऱ्या बीटा-कॅरोटीन या द्रव्याची हकिकत तर प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी आहे. गाजरे, पालेभाज्या भरपूर खाणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग कमी आढळतो, म्हणून फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९ हजारांहून अधिक पुरुषांवर चाचणी झाली आणि १९९४ साली निष्कर्ष आला तो उलटाच: बीटा-कॅरोटीनची गोळी घेणाऱ्यांत हा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला. भाजीत तंतू आणि इतर शेकडो द्रव्ये असतात. त्यांतले एकच वेगळे काढून मोठ्या मात्रेत दिले, तर ते भाजीचे काम करील असे गृहीत धरता येत नाही. आपल्याकडे रेस्व्हेराट्रॉलचेच नाव घेऊन वाइनही सुचवली जाते, ते मला अधिक चिंतेचे वाटते, कारण मद्यामुळे स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो हे सिद्ध झालेले आहे.

पंचवटी:
स्वयंपाकापुरते सांगते. लसूण ठेचल्यावरच त्यात ॲलिसिन हे उग्र वासाचे द्रव्य तयार होते, म्हणून ठेचून दहा मिनिटे ठेवावा आणि मग फोडणीत घालावा. कोबीही चिरून थोडा वेळ तसाच ठेवावा व फार उकळू नये. टोमॅटोतील लायकोपीन हे लाल रंगद्रव्य मात्र तेलात शिजवल्यावर अंगी अधिक लागते. यातले काहीही औषध नव्हे. रोजच्या ताटात भाजी आणि फळ भरपूर असावे, इतकेच. आई मिसरी लावतात का? तसे असेल तर तोंडाच्या कर्करोगाचा धोका तिथे आहे आणि तो कोणत्याही फळाने भरून निघत नाही.

निफाडकर:
लावते, गेली तीस वर्षे. गोळ्यांची चौकशी करताना मला ते सुचलेच नाही. बाटली बंद केली आहे. बहिणीला झालेला आजार पाहता आईची मॅमोग्राफी आणि तोंडाची तपासणी याच आठवड्यात करून घेतो.