पेशी थांबवायच्या की टिकवायच्या?

कांद्यातलं क्वेर्सेटिन हे द्रव्य धमनीतल्या स्नायूपेशींची वाढ रोखतं, म्हणून धमन्या अरुंद होऊ नयेत यासाठी त्याच्या कॅप्सूल घ्याव्यात, असं काही जण सुचवतात. पेशींवरच्या प्रयोगांत तसं दिसतं खरं, पण या पेशींची दुसरी बाजू राहून गेली.

निरोगी धमनीत त्या मधल्या थरात असतात, आकुंचन-प्रसरण सांभाळतात. अस्तर दुखावलं की त्या रूप पालटतात, वाढतात, आतल्या थरात सरकतात. तिथे काही चरबी गिळून फुगतात. पण काही कोलॅजेन हे चिवट प्रथिन विणून चरबीच्या साठ्यावर घट्ट टोपी घालतात. ती टोपी पातळ होऊन फाटली की रक्ताची गुठळी होते, झटका येतो. मग या पेशी सरसकट थांबवून कसं चालेल? औषधी स्टेंटमध्ये (धमनी उघडी ठेवणारी, औषध लावलेली जाळीदार नळी) त्या थांबवतात, पण तेवढ्याच जागी. आणि तिथेही अस्तर भरून यायला वेळ लागतो, तोवर गुठळीचा धोका असतो. वडिलांच्या स्टेंटनंतर डॉक्टरांनी बजावलं होतं, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या एक दिवसही चुकवू नका. ते यासाठीच.

शिवाय मात्रा. प्रयोगात पेशींवर बऱ्याचदा रक्तात असतं त्याच्या दहापट-शंभरपट क्वेर्सेटिन घालतात. जेवणातून रक्तात पोचतं ते अगदी थोडं, तेही आतड्याने आणि यकृताने बदललेल्या रूपात.

नेदरलँड्समधल्या झुटफेनच्या ८०५ वृद्ध पुरुषांच्या अभ्यासात (१९९३) फ्लॅवोनॉइड (क्वेर्सेटिन ज्यात मोडतं तो वनस्पतींतल्या द्रव्यांचा गट) जास्त घेणाऱ्यांत हृदयविकाराने मृत्यू कमी दिसले, पण ते चहा, कांदा, सफरचंदातून घेतलेले होते. कांदा जरूर खा, फक्त साल काढताना बाहेरचे दोन जाड पापुद्रे फेकू नका, क्वेर्सेटिन तिथेच जास्त असतं. स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध) मात्र स्वतःहून बंद करू नका.