नवा फिशटँक, चार दिवसांत चार मासे गेले. माझं काय चुकलं?

कोथरूडची_आई
लेकाच्या (वय ८) हट्टापायी रविवारी फिशटँक आणला, दोन बाय एक बाय एक फूट. दुकानदाराने सगळं एकदमच बांधून दिलं: निळे खडे, बुडबुडे सोडणारा पाणबुड्या, फिल्टर, निळ्या औषधाची बाटली आणि सासूबाईंच्या वास्तुशास्त्राप्रमाणे आठ सोनेरी, एक काळा असे नऊ गोल्डफिश. त्याच संध्याकाळी पाणी भरून सोडले. मंगळवारी पाणी तांदळाच्या धुवणासारखं पांढुरकं झालं, म्हणून सगळं उपसलं, खडे आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली खसखसून धुतला, नवं पाणी भरलं. आज गुरुवार. चार गेले, उरलेले पाच वर येऊन तोंडं उघडझाप करतायत. सासूबाई म्हणतात, घरावरचं संकट माशांनी स्वतःवर घेतलं. लेक उठल्या उठल्या आधी मासे मोजतो, ते बघवत नाही हो.

पाणवेडा
ताई, संकट बाहेरून आलेलं नाही. टँक फार स्वच्छ आहे, तेच दुखणं आहे.

दही लावायला विरजण लागतं ना, तसं टँकलाही लागतं. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सुटतो, तो त्यांना विषच. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात (तेही विषारीच), दुसरे त्याचं नायट्रेट करतात. ते बऱ्यापैकी सोसतं आणि पाणी बदललं की निघून जातं. हे जिवाणू स्पंजवर, खड्यांवर वस्ती करतात, पण पुरेसे व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. तुमचे जेमतेम धरायला लागले होते, ते नळाखाली गेले. वरून नळाच्या पाण्यात क्लोरीन. स्पंज धुवायचाच तर टँकमधून काढलेल्या पाण्याच्या बादलीत दोनदा पिळा, बास. मळकट दिसला तरी चालेल!

आत्ता: खाणं दोन दिवस बंद. हवेचा पंप रात्रंदिवस चालू. रोज तिसरा हिस्सा पाणी बदला, तेही आदल्या दिवशी बादलीत उघडं ठेवलेलं. निळं औषध बहुधा मेथिलीन ब्लू असेल, त्याने जिवाणूही मरतात. बाटली कपाटात.

आणि खरं सांगू? तुमचा टँक कागदावर साधारण ५६ लिटरचा, खडे वगैरे वजा जाता पंचेचाळीस धरा. साधा गोल्डफिश नीट वाढला तर फूटभर होतो. नऊ म्हणजे वन-रूममध्ये वऱ्हाड उतरवल्यासारखं. उरलेले दुकानात परत द्या. मग ज्याच्याकडे जुना निरोगी टँक आहे त्याच्याकडून वापरातला स्पंज मागून आणा, तेच विरजण. अमोनिया तपासायचे थेंब मिळतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की सहा झेब्रा डॅनिओ सोडा. आपल्याच गंगेच्या खोऱ्यातला मासा, काटक आणि भलता चपळ. निऑन टेट्रासारख्या नाजूक माशांना अजून वेळ आहे.

विहिरीकाठची
डॅनिओऐवजी गप्पीला माझं मत. मलेरियावाले विहिरीत डासांच्या अळ्या खायला सोडतात तेच. बोअरच्या जड पाण्यातही मजेत राहतात. पण फक्त नर घ्या! मी एक नर, दोन माद्या आणल्या होत्या. पिल्लं थेट जिवंतच होतात. पाच महिन्यांत साठ. आता "डबा घेऊन येते" म्हटलं की मैत्रिणी आधी विचारतात, डब्यात काय आहे.

कोथरूडची_आई
तीन आठवड्यांनी लिहितेय. शुक्रवारी अजून एक गेला. काळ्यासकट चार दुकानदाराने परत घेतले, पैसे अर्थातच नाहीत. वरच्या मजल्यावरच्या काकांनी त्यांच्या टँकमधला स्पंज दिला, शेवाळलेला, बुळबुळीत. सासूबाईंनी नाकाला पदर लावला. अमोनिया उतरलाय, नायट्राइट अजून दिसतंय. जिवाणूंना काहीतरी हवं म्हणून रिकाम्या टँकमध्ये रोज चिमूटभर खाणं टाकायची ड्युटी लेकाकडे आहे. काल पाहुण्यांनी विचारलं, "अरे, मासे कुठायत?" तर म्हणतो, "थांबा, विरजण लागायचंय अजून."